पर्लचा लगाम कोण धरणार

न्यूहॉल, ९ मार्च १९६४

नाही क्लीट, शेवटी त्याने तुझं नाव घेतलं नाही. असं सिनेमात होतं, आणि तिथेही फक्त हीरोचं. आपल्या ओरिनला मरताना कुणी कधी बोलू दिलं होतं का? गोळी लागली, हात वर, खाली, संपलं. खरा मेला तोही तसाच. सकाळी पर्लला गवत घातलं, आत आला, म्हणाला, "आल्टा, कॉफी गार झालीय," आणि खुर्चीत बसल्या बसल्या मान टाकली. मला वाटलं नाटक करतोय. जेवणाच्या टेबलावर मेल्याचं सोंग घ्यायची त्याची घाण सवय तुला माहीत आहे. मी म्हटलं, "ऊठ, इथे कॅमेरा नाही." कॉफी परत गरम करून आणली, तरी उठेना. तेव्हा कळलं.

तुझं पत्र अठरा वर्षांनी आलं आणि तेही चार ओळींचं. "कळलं. वाईट वाटलं. शेवटी काही म्हणाला का? क्लीट." चौथी ओळ मी सहीची धरली. तरी आलं हे काय कमी. अक्षर तुझं अजून तसंच, चिखलातून कोंबडी चालत गेल्यासारखं. आमच्या नेब्रास्कातल्या कार्स्टनच्या शाळेत खोली एक, बाई एक आणि इयत्ता आठ, पण अक्षर बिघडलं की पट्टी बसायची. तू त्या शाळेत हवा होतास.

अंत्यविधीला चाळीसएक माणसं होती. त्यातल्या निम्म्यांना ओरिनने पडद्यावर कधी ना कधी लुटलेलं, बाकीच्यांनी त्याला गोळ्या घातलेल्या. पाद्रीबाबा म्हणाले, "आपल्यातून एक सज्जन गेला," तेव्हा मागच्या बाकावर दोघं-तिघं खोकले. मीही खोकले. शवपेटीवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मॅडम, साहेबांची दाढी करू?" मी म्हटलं, "हात लावू नका. उद्या फोन आला तर?" त्याला काय ठाऊक, स्टुडिओचा फोन संध्याकाळी येतो, सकाळी सहाला हजर व्हायचं असतं, आणि गुंडाच्या गालावर तीन दिवसांचे खुंट लागतात. ते एका रात्रीत उगवत नाहीत. तीस वर्षं हा माणूस रविवारी चर्चमध्ये तसाच बसला. पाद्र्याच्या बायकोने तीस वर्षं मला टोमणे मारले, "तुमच्या घरी वस्तरा नाही का हो?" म्हणून मग पेटीतसुद्धा तसाच जाऊ दिला. तिने शेवटचं बघून घेतलं.

आता कामाचं. काल हॉबर्ट आला होता. तोच तो, सिनेमात डाकगाडी हाकणारा, आता डाकगाडीएवढाच झालाय. जूनच्या चौदाला, रविवारी, आपल्या सिनेमातल्या म्हाताऱ्यांची पिकनिक आहे. वर्षभरात जो गेला त्याचा घोडा रिकाम्या खोगिरासकट रिंगणातून एक फेरी चालवायचा, ही पद्धत तुझ्यासमोरच सुरू झाली. आणि लगाम कुणी धरायचा तेही तुला माहीत आहे. ज्याने त्याच्या वाटचे मार खाल्ले त्याने. त्याच्या डुप्लिकेटने. म्हणजे तू.

हॉबर्ट टोपी हातात घेऊन उभा. म्हणाला, "आल्टा, क्लीट जिवंत आहे ना?"

मी म्हटलं, "माझ्या माहितीप्रमाणे अ‍ॅरिझोनात बहिणीचं डोकं खातोय."

"मग तो येईल?"

"विचारते."

"कारण तो जिवंत असताना दुसऱ्या कुणी लगाम धरला, तर लोक समजायचं ते समजतात. ओरिनच्या नावावरचा डाग तसाच राहील."

म्हणून विचारतेय. ये. पर्ल गरीब घोडी आहे, तिचेही गुडघे गेलेत, तुझ्या लंगडण्याला लंगडणं जुळेल. तुमच्या दोघांत जे झालं त्यात मी पडत नाही. मी त्या दिवशी फक्त जेवण घेऊन आले होते.

आल्टा


न्यूहॉल, २ एप्रिल १९६४

बरं, म्हणजे नाही. दोन पानं भरून नाही. चार ओळींवरून एकदम दोन पानांवर आलास, मला तर तुला बोलतं केल्याचं समाधान आहे. पोस्टातल्या बाईसमोरच पाकीट फोडलं होतं, ती मान लांब करायला लागली तशी मिटवलं. तिला वाटतंय मी अ‍ॅरिझोनात कुणीतरी गाठलाय. वाटू दे.

तू लिहितोस, जो पडत नाही त्याने खणायचं, हा तुमचा दोघांचा कायदा होता. मला कायदा नको शिकवू. त्या कायद्यापायी माझं मागचं अंगण चाळणी झालं होतं, कोंबड्या खड्ड्यात पडायच्या. स्टुडिओच्या मजुरांवर तुमचा दोघांचा विश्वास नाही, म्हणून ओरिन स्वतः जमीन खणायचा, खडे वेचायचा, वाळू नि भुसा भरायचा, वर माती पसरायची आणि कडेला खूण ठेवायची. खूण अशी की कॅमेऱ्याला दिसता कामा नये आणि भरधाव घोड्यावरून तुला दिसली पाहिजे. कधी वाळकी फांदी, कधी हाड. त्या दिवशी दोन दगड. तू दौडत येणार, दगडांशी पोचलास की लगाम उजवीकडे ओढणार, घोडा त्या कुशीवर आडवा, तू भुशात. लोक म्हणणार, ओरिन मेला.

आणि तू लिहितोस, दगड नव्हतेच. तू बघत राहिलास, पुढे गेलास, ओढायला उशीर झाला, खडकावर पडलास. घोडा उठला, तू नाही. खुबा गेला, काम गेलं, पाय दोन बोटं आखूड झाला. आणि हे सगळं का, तर ओरिनने जेवताना बियर घेतली होती आणि दगड ठेवायचे विसरला. आणि हॉस्पिटलात सगळ्यांसमोर तू त्याला "दारुडा" म्हणालास तेव्हा त्याने तोंड उघडलं नाही, म्हणजे खरंच विसरला.

जो बोलत नाही तो दोषी. शेरीफच व्हायला हवं होतंस तू.

हे बघ, ओरिनला बोलायला येतच नव्हतं, हे त्याच्या नाकाइतकं उघड होतं. ते नाक ठाऊक आहे ना कसं कामाला लागलं? तुझी नि त्याची ओळख व्हायच्या आधीचं आहे. सत्तावीस साली कार्स्टनहून रेल्वेचे दोन डबे भरून घोडे घेऊन स्टुडिओत आला, तीन आठवड्यांत परत जायचा होता. चौदाव्या वर्षी खेचराने लाथ घालून नाक डावीकडे वळवलेलं. डायरेक्टरने लांबून बघितलं, म्हणाला, "ते नाक कुणाचं?" हा म्हणाला, "माझंच." "उद्या सकाळी घेऊन ये." मला कार्स्टनला पत्र आलं, "आल्टा, नाकाला काम मिळालंय. मला त्याच्याबरोबर राहावं लागेल. तू येतेस का?" लग्नाची मागणी म्हणतात ती हीच. मी गेले.

मग तीस-पस्तीस वर्षं हेच. बँक लुटायची, विहिरीत विष टाकायचं, मुख्य गुंडाच्या मागे उजव्या हाताला उभं राहायचं आणि अर्ध्या सिनेमात मरायचं. शेवटची मारामारी त्याने पडद्यावर कधी बघितली नाही, म्हणायचा, "माझं काम संपलं, मी घरी चाललो." वाण्याच्या दुकानात बायका पोरांना पाठीशी घ्यायच्या. एकदा त्याला पाद्र्याचं काम दिलं. तू होतास तेव्हा, त्याला धीर द्यायला बरोबर थिएटरात गेला होतास. ओरिनने पडद्यावर पुस्तक उघडलं आणि पुढची बाई ओरडली, "सांभाळा, पुस्तकात पिस्तूल आहे." सगळं थिएटर हसलं. तो तुकडा मग सिनेमातून कापला. घरी येताना ट्रकमध्ये तू म्हणालास, "लेका, तुझ्या हातात देवसुद्धा चोरीचा माल वाटतो." तो इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली. आठवतं?

नाही म्हणालास ते मी ऐकलं नाही असं समज.

आल्टा


न्यूहॉल, २९ एप्रिल १९६४

पोस्टकार्ड पोचलं. एका बाजूला निवडुंगाचं चित्र, दुसऱ्या बाजूला "नाही." तुझ्यापेक्षा निवडुंग गोड आहे.

ठीक. मग थट्टा बाजूला ठेवते आणि तुला माहीत नाही ते सांगते.

तू त्याला दारुडा म्हणालास त्यानंतर ओरिन हॉस्पिटलात फिरकलाच नाही, असं तू सगळ्यांना सांगत फिरलास. तो आला होता. रोज आला होता, सात दिवस. तू नर्सला सांगून ठेवलं होतंस, त्या दारुड्याला आत सोडू नका. तो खाली ट्रकमध्ये बसायचा, भेटायची वेळ संपली की घरी यायचा. मी विचारायची, "भेटलास?"

"भेटलो."

"काय म्हणाला?"

"बरा आहे."

"मी केक दिला होता तो आवडला?"

"आवडला म्हणाला."

नंतर ती नर्सच आमच्या चर्चमध्ये यायला लागली, तिने सांगितलं. सात दिवसांत तीन केक त्या ट्रकमध्ये कुणी खाल्ले ते मला तेव्हा कळलं. त्याची पँट घट्ट का झाली तेही.

त्या दिवसानंतर त्याने दारूचा थेंब घेतला नाही. पार्टीत हातात ग्लास धरायचा, त्यात पाणी. लोक म्हणाले, पश्चात्ताप झाला.

आणि दुसरा डुप्लिकेट त्याने घेतला नाही. स्टुडिओने दोघं पाठवले, चांगली पोरं होती, तुझ्यापेक्षा देखणी. हा म्हणाला, "मला पडता येतं." त्याला कुठलं पडता येतंय. सत्तेचाळीस साली दारूच्या गुत्त्याच्या गच्चीवरून पडायचं होतं, खाली गाद्या होत्या, हा गाद्यांच्या पलीकडे पडला. तीन बरगड्या. मग ज्या कामात पडायचं असतं ती कामं त्याने सोडली, आणि ओरिनच्या धंद्यात न पडायचं काम असतं कुठे? टोळीतला दुसरा होता तो, सातवा झाला. बारमागे ग्लास पुसणारा झाला. पत्ते खेळणारा, तोही पाठमोरा, म्हणजे नाकसुद्धा वाया. टीव्ही आला तेव्हा वाटलं बरे दिवस येतील. टीव्हीवर त्याला अर्ध्या तासात मारायचे, तेही बसल्या जागी. एकदा मेलेला पडला होता तिथेच झोप लागली आणि घोरायला लागला. हीरो बिचारा त्याच्या छातीवर टोपी ठेवून भाषण करतोय आणि टोपी वरखाली होतेय. डायरेक्टर ओरडला, "ओरिन, मेलेल्याने निदान श्वास तरी हळू घ्यावा." परत बोलावलं नाही त्यांनी.

मी हे रडगाणं गात नाही. खाऊन-पिऊन सुखी होतो. पण तू म्हणतोस की तुझंच सगळं गेलं आणि त्याचं काही गेलं नाही, तसं नाहीये.

आणि बियरचं म्हणशील तर एक बाटली होती, ती दोघांत, मी ओतली होती. दारुड्याचं काम नव्हतं ते क्लीट. खड्डा त्याने सकाळीच नीट खणला होता, आणि दगडही दोन्ही जागच्या जागी होते. पांढरे, नदीतले, चपटे, एक बशीएवढा आणि एक थोडा लहान. तिथल्या लाल मातीत लांबून दिसतील असे. तो विसरला नव्हता.

म्हणून म्हणते, ये.

आल्टा


न्यूहॉल, १६ मे १९६४

उशीर झाला, हात दुखत होता. जर्दाळूचा मुरांबा घातला, बारा बरण्या. तुला पाठवणार होते, पण पोस्टात फुटतात.

पर्लला खुराक कमी केलाय, पोट सुटलं होतं. रोज तिला कुंपणाच्या कडेने फिरवते, सवय असावी म्हणून. माझ्याबरोबर येते पण मध्येच थांबून मागे बघते. हॉबर्ट दोनदा येऊन गेला. म्हणतो, क्लीटचं काही खरं नाही, मीच धरतो लगाम. मी म्हटलं, "तू? तू आयुष्यभर डाकगाडीच्या बाकावर बसलास, ओरिनला तुझ्याच गाडीने दोनदा चिरडलं." तो म्हणाला, "मग काय पाद्र्याला सांगू?" मी म्हटलं, "थोडं थांब."

तू विचारलंस, दगड मला कसे माहीत. ओरिनने सांगितलं असेल कधीतरी. त्यानंतरची अठरा वर्षं एका घरात राहायचं तर माणूस काहीतरी बोलतोच. एवढं काय त्यात.

आज एवढंच. हात दुखतोय.

आल्टा


न्यूहॉल, ३१ मे १९६४

नाही, ओरिनने सांगितलं नव्हतं. तू बरोबर पकडलंस. म्हाताऱ्या, तुझा खुबा गेला पण डोकं शाबूत आहे. तू लिहितोस की स्टुडिओच्या माणसाने हॉस्पिटलात येऊन चौकशी केली तेव्हा ओरिन तुझ्या शेजारच्या खोलीत म्हणाला होता, "कसले दगड ठेवले आठवत नाही, ठेवले की नाही तेही आठवत नाही." ते तू भिंतीतून स्वतःच्या कानांनी ऐकलंस. आणि अठरा वर्षांनी मी तुला त्यांचं माप सांगतेय, एक बशीएवढा, एक लहान. मग मला कसं ठाऊक.

आठवडा झाला तुझं पत्र येऊन. रोज टेबलावर ठेवते, रोज उचलून डब्यात ठेवते. मी घाबरते असं तुला कधी वाटलं नसेल. जी बाई सगळ्यांची टर उडवते तिला कोण विचारतंय घाबरतेस का.

ऐक. मी सरळ ओळीने सांगते, मध्ये थट्टा करणार नाही. केली तर सोडून दे.

शूटिंग घरापासून जवळ होतं, त्या घळीत, म्हणून मी गरम जेवण आणलं होतं. कोंबडी, बटाटे, केक. तुम्ही दोघं ट्रकच्या सावलीत बसलात. जेवण झाल्यावर तू टोपी तोंडावर घेऊन आडवा झालास, ओरिन कॅमेरेवाल्यांकडे गेला. मी ताटं घासायला वाळू हवी म्हणून घळीत खाली उतरले. तिथे लाल मातीत दोन पांढरे दगड दिसले. गुळगुळीत, चपटे, अगदी नदीतले. त्या घळीत पावसाळ्यातसुद्धा पाणी नसतं. मला वाटलं, कुणा शेळ्यावाल्याने कधीतरी आणून टाकले असतील.

तू नेब्रास्काचा नाहीस. तुला सांगून कळेल की नाही कोण जाणे. आमच्याकडे शरदात कोबी किसून, मीठ लावून मोठ्या बरणीत भरतात, आंबवायला. वर फळी, फळीवर दगड. दगड कसाही चालत नाही, खाऱ्या पाण्यात विरघळणारा, मातकट चव देणारा चालत नाही. नदीतला घट्ट दगड लागतो. माझ्या आईचे दोन दगड तिला तिच्या आईने दिले होते. ते माझ्या मोठ्या बहिणीला गेले. कॅलिफोर्नियात आल्यापासून मी विटेवर भागवत होते, आणि दर वर्षी कोबी थोडा बिघडायचा. तुम्ही दोघं खायचात आणि काही बोलायचा नाहीत, पण मला चव कळते.

म्हणून मी ते दोन्ही उचलले. ताटांच्या खाली टोपलीत ठेवले, वर फडकं. खूण म्हणून ठेवलेत हे डोक्यात आलं नाही. फांदी असते, हाड असतं, हे मला माहीत होतं, अंगणात बघितलं होतं. दगड कधी बघितले नव्हते. ओरिनने त्या दिवशी पहिल्यांदाच ठेवले, कारण वाऱ्याने फांदी उडत होती. सकाळी येताना वाटेत नदीवर ट्रक थांबवून वेचले होते त्याने. हे मला नंतर कळलं.

तू पडलास तेव्हा मी टोपली घेऊन ट्रकपाशी उभी होते. सगळे धावले, मीही धावले. तू ओरडत होतास, "दगड कुठे होते?" ते मी ऐकलं. ऐकलं आणि टोपलीकडे बघितलं. तेव्हाच कळलं. इतकं नक्की सांगते, तेव्हाच. नंतर नाही.

तिथे काही बोलले नाही. ट्रकच्या मागे बसून घरी आले. दगड मोरीत ठेवून घासले. का घासले देव जाणे, हाताला काम हवं होतं. ओरिन हॉस्पिटलातून संध्याकाळी आला, हात धुवायला मोरीशी गेला आणि तिथे ते दोन. नळ वाहत होता.

"हे कुठून आणलेस?"

मी सांगितलं, कोबीसाठी.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. टोपी घेतली, म्हणाला, "चल. आत्ता जाऊन क्लीटला सांगू. तो समजेल. शिव्या देईल आणि समजेल."

मी दारात उभी राहिले. म्हटलं, "मी येत नाही. आणि तू सांगितलंस तर मी उद्या गाडी पकडून कार्स्टनला जाते आणि परत येत नाही."

"मग मी त्याला काय सांगू?"

"काही सांगू नको. आठवत नाही म्हण."

दुसऱ्या दिवशी चौकशीत त्याने तेच सांगितलं. मी सांगितलेले शब्द, जसेच्या तसे. आयुष्यात त्याला कुणी एवढं मोठं वाक्य दिलं नव्हतं. बघ, केली मी थट्टा.

मग ट्रकमध्ये सात दिवस. तुला सांगायलाच जायचा तो. तू आत येऊ दिलं असतंस तर कदाचित माझं न ऐकता सांगून टाकलं असतं. आणि दारू पश्चात्तापाने नाही सोडली. मला म्हणाला होता, "प्यायलो तर बोलून जाईन."

दोनदा त्याने तुला पत्र लिहायला घेतलं. एकदा एकावन्नला, एकदा परवाच्या नाताळात. मी नुसती खोलीत आले आणि टेबलाशी उभी राहिले. त्याने कागद दुमडून खिशात घातला. बोलायची गरज नव्हती.

हॉबर्टला मी चौदा तारखेच्या आधी हे सगळं सांगणार आहे, म्हणजे पाद्र्याच्या बायकोपर्यंत संध्याकाळपर्यंत पोचेल. पण आधी तुला. पर्ल खरारा करून तयार असेल. ओरिनने खड्डा नीट खणला होता आणि खूण नीट ठेवली होती, तेवढ्यासाठी ये. माझ्याशी बोलू नकोस, मी कुंपणाच्या पलीकडे उभी राहीन. लगाम धर, एक फेरी मार, परत जा.

हे सगळं मी का केलं, हे तू विचारशील, म्हणून तेही लिहिते. नवऱ्याची नोकरी जाईल, स्टुडिओ बोलेल, असली कारणं मी त्याला दिली होती. ती खोटी. तू दर रविवारी आमच्याकडे जेवायचास. मी ताट ठेवलं की वर बघून हसायचास, आणि मी तुला काही ना काही टोमणा मारायचे. तू लंगडत आत आलास आणि माझ्याकडे तसं बघितलं नाहीस तर, एवढंच मला सहन होण्यासारखं नव्हतं. ओरिनला मित्र एकच होता आणि तो मी त्याच्याकडून काढून घेतला. चौकशीच्या दिवशी तू खाटेवरून त्याच्यावर ओरडलास, दारुडा म्हणालास, तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. तो मान खाली घालून ऐकत होता. आणि मला बरं वाटलं, क्लीट. तू माझ्यावर नाही, त्याच्यावर चिडलास, म्हणून बरं वाटलं.

आल्टा